नदीचे पुनरुज्जीवन : एका संकल्पनेची चिकित्सा
(गोदाकाठच्या उमापूर परिसराच्या संदर्भात)

१

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठवाड्याच्या सार्वजनिक भाषेत ‘नदीचे पुनरुज्जीवन’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्याचा अर्थ काय असा प्रश्न विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. शासकीय अहवाल, वृत्तपत्रे, समारंभांतील भाषणे व शाळांतील निबंध या सर्वांत तो एकाच सहजतेने येतो. परंतु जो शब्द सर्वांना मान्य होतो, त्याची चिकित्सा अधिक काळजीने करावी लागते. ‘पुनः’ आणि ‘उज्जीवन’ या दोन पदांतच दोन गृहीते दडलेली आहेत. एक असे की, नदी पूर्वी जिवंत होती. दुसरे असे की, ते जीवन कशात होते हे पुनरुज्जीवन करणाऱ्यास ठाऊक आहे. पहिले गृहीत बहुधा खरे असते. दुसऱ्याची परीक्षा क्वचितच होते, आणि वादाचे मूळ या दुसऱ्या गृहीतातच आहे.

या परीक्षेसाठी बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याचा उमापूर परिसर सोयीचा आहे. गोदावरी ही या तालुक्याची उत्तर सीमा होय. येथील ओढे-नाले अखेर गोदावरीसच मिळतात. हा भाग पर्जन्यछायेत असून सरासरी वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर आहे, आणि तो थोड्या दिवसांत कोसळतो. पश्चिमेस पैठणचे धरण, उत्तरेस नियंत्रित झालेली महानदी, तालुक्यातून जाणारा जायकवाडीचा उजवा कालवा आणि या सर्वांच्या मध्ये पावसाळ्यात वाहून उन्हाळ्यात कोरडे पडणारे लहान प्रवाह, अशी येथील रचना आहे. ‘नदी जिवंत करणे’ याचा अर्थ जर या भूमीवर सिद्ध होत नसेल, तर मराठवाड्यात तो अन्यत्र सिद्ध होणे कठीण आहे.

२

प्रथम भाषेचा पुरावा पाहू. एखाद्या समाजाने नदीकडे किती बारकाईने पाहिले आहे, हे त्या समाजाच्या शब्दसंपत्तीवरून बऱ्याच अंशी कळते. मराठीत पात्राच्या प्रत्येक अवयवास स्वतंत्र नाव आहे. खोल व संथ पाण्याचा तो डोह. उथळ, दगडगोट्यांवरून आवाज करीत जाणाऱ्या पाण्याचा तो खळाळ. पायी ओलांडता येईल तो उतार. प्रवाहाने कापलेला उभा काठ ती दरड. पुराने आणून टाकलेल्या सुपीक गाळाची ती मळई. आणि कोरड्या पात्रातील वाळूत हाताने उकरून पाणी काढावे तो झिरा. नदीलगतच्या पट्टीस थडी म्हणतात. त्यावरूनच गोदावरीच्या दोन्ही काठांच्या प्रदेशास गंगथडी हे नाव पडले.

ही नावे केवळ वर्णनपर नाहीत. त्यांत प्रवाहाचे शास्त्र सामावलेले आहे. लिओपोल्ड, वोलमन व मिलर या अमेरिकन भूरूपशास्त्रज्ञांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, दगडगोट्यांच्या पात्रात डोह व खळाळ यांची आवर्तने नियमाने येतात आणि एका डोहापासून दुसऱ्या डोहाचे अंतर साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते. म्हणजे बारा मीटर रुंदीच्या ओढ्यात साठ ते चौऱ्याऐंशी मीटरांवर डोह अपेक्षावा. एक किलोमीटरात असे बारा ते सोळा डोह पडावेत. खडकाळ पात्रात हे प्रमाण जसेच्या तसे लागू पडणार नाही, हे खरे. तथापि डोह आणि खळाळ ही आकस्मिक विषमता नसून प्रवाहाने स्वतः निर्माण केलेली व्यवस्था आहे, हे तत्त्व त्यातून सिद्ध होते. खळाळात पाण्यात हवा मिसळते व दगडांच्या फटींत कीटकांच्या अळ्या वाढतात. डोहात मासे उन्हाळा काढतात. वाळूखालून पाणी एका डोहाकडून दुसऱ्याकडे झिरपत राहते. ज्यास जलचरांचा अधिवास म्हणावयाचे, तो या अवयवांच्या परस्परसंबंधात असतो, नुसत्या पाण्यात नव्हे.

येथे एका शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. ‘वाळवंट’ म्हणजे मुळात नदीकाठची वाळू. पंढरपुरी चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात ते या अर्थाने. आजच्या पाठ्यपुस्तकांत मात्र ‘वाळवंट’ म्हणजे जलहीन प्रदेश, हाच अर्थ प्रधान झाला आहे. जी वस्तू नदीच्या समृद्धीची खूण होती तिचेच नाव ओसाडीचे वाचक व्हावे, हा अर्थविपर्यास नदीकडे पाहण्याच्या दृष्टीत पडलेल्या फरकाशी जुळणारा आहे. वाळू ही नदीचा अवयव न राहता काढून नेण्याचा माल ठरली, त्या काळात तिच्या नावाचा जुना अर्थही क्षीण व्हावा, यात आश्चर्य नाही.

३

गोदाकाठाच्या वाङ्मयीन साक्षीत गाथासप्तशतीचे स्थान पहिले आहे. महाराष्ट्री प्राकृतातील हा संग्रह परंपरेने प्रतिष्ठानच्या हाल सातवाहनाच्या नावावर आहे, आणि प्रतिष्ठान म्हणजेच पैठण हे उमापूरपासून फार दूर नाही. स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ च्या आवृत्तीने तो मराठी अभ्यासकांच्या हाती सविस्तर विवेचनासह आला. या गाथांत गोदावरी वारंवार येते. ती तीर्थ म्हणून क्वचित, आणि काठ, झुडपे, पाणी व शेते यांसह रोजच्या व्यवहारातील नदी म्हणून अधिक वेळा येते.

त्यांतील एका गाथेस भारतीय काव्यशास्त्रात असाधारण महत्त्व आहे. फुले तोडण्यासाठी नदीकाठच्या लताकुंजात येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थास एक स्त्री सांगते की, आता निर्धास्त फिरा. तुम्ही ज्या कुत्र्यास भीत होता त्यास गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ फिरण्याच्या अनुमतीचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात ध्वनीचे उदाहरण म्हणून ही गाथा घेतली. महिमभट्टाने व्यक्तिविवेकात तिचा अर्थ अनुमानाने लागतो, व्यंजनेची आवश्यकता नाही, असा पक्ष मांडला. मम्मटाने त्याचे खंडन केले. वाद शब्दशक्तीचा होता आणि तो योग्य पातळीवर झाला. परंतु त्या झाडीचा प्रश्न वादातून सुटून गेला. ती झाडी उद्दीपन विभाव म्हणून गृहीत धरली गेली व पुढे कोणी तिच्याकडे पाहिले नाही.

आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहता त्या गाथेतील सिंह ही नायिकेने रचलेली कथा ठरते. म्हणून या गाथेवरून गोदाकाठी सिंह होते असे अनुमान काढणे हा वाङ्मयाचा दुरुपयोग होईल. परंतु खोटे पटावयाचे असेल तर त्याची पार्श्वभूमी खरी असावी लागते. सिंह लपू शकेल इतका दाट कुंज काठावर आहे, हे ऐकणाऱ्यास पटल्याशिवाय ती कथा निष्फळ ठरली असती. सिंह खोटा असला तरी कुंज खरा आहे. आणि तो कुंज इतका मोलाचा आहे की, त्याच्या रक्षणासाठी नायिकेस कथा रचावी लागते. पुढील काव्यशास्त्रानेही या मोलाची नोंद घेतली. भानुदत्ताच्या रसमंजरीत ‘अनुशयाना’ नावाची जी नायिका आहे, तिच्या दुःखाचे एक कारण संकेतस्थानाचा नाश हे आहे. काठावरचे आच्छादन नष्ट होणे या घटनेस आपल्या साहित्यशास्त्राने एक भावावस्था व तिचे नाव देऊन ठेवले, ही गोष्ट अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

तथापि या साक्षीची मर्यादाही सांगितली पाहिजे. काव्य हे पाहणीचा अहवाल नव्हे. गाथांवरून सातवाहनकालीन काठाचा नकाशा काढता येणार नाही, आणि ‘नदी पूर्ववत् करणे’ म्हणजे तिला गाथांच्या काळी नेणे, असा अर्थ कोणी केला तर तो हास्यास्पद होईल. गाथांवरून एवढेच निश्चित होते की, मराठी भूमीच्या वाङ्मयीन स्मृतीत नदी ही काठासह, झाडीसह व वाळूसह एक वस्तू आहे. निव्वळ पाण्याचा साठा नाही.

४

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करून २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करावे, असा त्याचा संकल्प होता. त्यात बांधबंदिस्तीपासून गाळ काढण्यापर्यंत अनेक कामे समाविष्ट असली, तरी लोकांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः एकच चित्र राहिले, आणि ते म्हणजे नाला खोलीकरण व रुंदीकरण. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी केलेल्या प्रयोगाचा आदर्श त्यामागे होता. या पद्धतीविरुद्ध अर्थशास्त्रज्ञ ह. म. देसरडा यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. पुढे २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढविण्याच्या उद्दिष्टात अभियानास अल्प यश आले, असा निष्कर्ष काढला. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ पासून हाती घेण्यात आला आहे. म्हणून या चिकित्सेस केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे नव्हे.

खोलीकरणाच्या पक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या प्रदेशात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्या प्रदेशातील शेतकऱ्यास खणलेल्या चरात पावसाळ्यानंतर दिसणारे पाणी हा प्रत्यक्ष दिलासा असतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावास डोह आणि खळाळ यांचे सौंदर्य सांगणे हा सुखवस्तू माणसाचा विलास होय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सहज झटकता येणार नाही. म्हणूनच खोलीकरणाची परीक्षा सौंदर्याच्या नव्हे, तर त्याने स्वतः सांगितलेल्या हेतूच्या, म्हणजे पाण्याच्या कसोटीवर केली पाहिजे.

या कसोटीवर तीन दोष दिसतात. पहिला भूजलाचा. दख्खनच्या कातळात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात व भेगांत साठते. ओढ्याचा तळ लगतच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली नेला, तर ओढा विहिरींस पाणी देण्याऐवजी त्यांचे पाणी ओढून घेऊ लागतो. पावसाळ्यानंतर चरात दिसणारे पाणी हे काही ठिकाणी नवे जमलेले पाणी नसून शेजारच्या जमिनीतून निथळून आलेले असते. दुसरा दोष बाष्पीभवनाचा. वाळूखाली साठलेल्या पाण्यास उन्हापासून संरक्षण मिळते; झिऱ्याची प्रथा याच ज्ञानावर उभी आहे. वाळू काढून तेच पाणी उघडे केले की वैशाखापूर्वीच त्याचा मोठा भाग आकाशात जातो. तिसरा दोष उताराचा. समजा, एक ओढा पाच किलोमीटर वळणे घेत दहा मीटर खाली उतरतो. त्याचा उतार पाचशेस एक असा झाला. वळणे काढून तोच ओढा चार किलोमीटरांचा केला की उतार चारशेस एक होतो. उतार वाढला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की तळ अधिक खणला जाऊन ती झीज वरच्या अंगास सरकत जाते. खालच्या गावाच्या लाभासाठी केलेले काम वरच्या गावाचा काठ पाडते, ते असे.

पाणलोट क्षेत्राच्या विचारात ‘माथा ते पायथा’ हे सूत्र महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतरच्या कामांतून पुढे आले व ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेने घरोघर पोहोचले. पाणी प्रथम माथ्यावर, शेतात व माळावर मुरवावे आणि ओढ्यास शेवटी हात लावावा, असे ते सूत्र सांगते. खोलीकरणाने हा क्रम उलटा केला. यंत्रास ओढ्यात उतरविणे सोपे असते आणि त्याचे माप घनमीटरांत चटकन निघते. माळावरच्या गवताचे माप घेता येत नाही. मापाची सोय हीच मूल्याची कसोटी झाली, हे या सर्व व्यवहाराचे मूळ वैगुण्य होय. अशा कामास ‘पुनरुज्जीवन’ म्हणणे म्हणजे देहाचे आकारमान वाढले म्हणून आरोग्य सुधारले, असे म्हणण्यासारखे आहे.

५

याच्या विरुद्ध टोकास एक दुसरा विचार उभा आहे. सिमेंटऐवजी दगड, लाकूड, गवत, झाडांच्या फांद्या व मुळे या नैसर्गिक साधनांनी पात्रातील डोह, खळाळ, वळणे व मळया पुन्हा घडवाव्यात, असे तो सांगतो. युरोप-अमेरिकेत त्यास गेल्या तीन-चार दशकांत शास्त्राचे रूप आले. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्लोरिडातील किसिमी नदीचे आहे. सुमारे १६६ किलोमीटर लांबीची ही वळणावळणांची नदी पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ या काळात ९० किलोमीटरांच्या सरळ कालव्यात बदलण्यात आली. काठावरची दलदल आटली, पाणपक्षी कमी झाले. आणि अखेर त्याच कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणे वाहती करण्याचे काम १९९९ पासून २०२१ पर्यंत करावे लागले. एका पिढीने सरळ केलेले पुढच्या पिढीने अधिक काळ घालवून वाकडे केले.

परंतु या विचाराचाही स्वीकार डोळे मिटून करता येणार नाही. मार्गारेट पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली पात्राची विविधता वाढविण्याच्या ७८ प्रकल्पांचा परामर्श घेतला. त्यांतील केवळ दोन प्रकल्पांत जलकीटकादी प्राण्यांची विविधता त्या कामामुळे निश्चितपणे वाढल्याचे आढळले. घर बांधले की रहिवासी आपोआप येतात, ही समजूत त्यामुळे डळमळीत झाली. पाणी दूषित असेल, वाहण्याचे वेळापत्रक मोडलेले असेल, वरच्या अंगास जीवांचा साठाच उरला नसेल, तर दगडांची उत्तम रचनाही रिकाम्या घरासारखी राहते. म्हणजे ‘नैसर्गिक साधन’ हे विशेषण गुणवत्तेची हमी नाही. सिमेंटची भिंत आणि दगडांची सुबक रांग या दोन्हींमागे नदीचे रूप माणसानेच ठरवावयाचे, अशी एकच वृत्ती असू शकते.

यातून एक भेद स्पष्ट होतो, व तोच या चिकित्सेचा गाभा आहे. नदीचे रूप तयार करून देणे निराळे आणि नदीला स्वतःचे रूप घडविण्याची शक्ती परत देणे निराळे. पहिले अनुकरण होय. दुसऱ्यासच पुनरुज्जीवन हे नाव शोभते. दुसऱ्या मार्गात साधने तात्पुरती असतात. अनघड दगडांचा बुटका बांध गाळ धरू लागला आणि त्या गाळात निर्गुडी रुजली की बांधाचे काम संपले. तो पुढे पुरात फुटला तरी हानी नाही, कारण तोवर मुळांनी काठ धरलेला असतो. तुकोबांच्या अभंगातील महापुराचा व लव्हाळ्याचा दृष्टांत नम्रतेचा उपदेश म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यातील निरीक्षण जलशास्त्राच्या दृष्टीनेही निर्दोष आहे. वाकणारी वनस्पती प्रवाहाचा वेग तळाशी कमी करते व माती धरून ठेवते. ताठ उभी राहणारी वस्तू आपल्याभोवती भोवरे निर्माण करून स्वतःचाच पाया उकरते.

परदेशी पद्धती येथे जशाच्या तशा आणण्यातला धोकाही यावरूनच कळेल. थंड प्रदेशातील बारमाही प्रवाहात ओंडके रोवून डोह घडविता येतात. मराठवाड्यातील ओढा वर्षातील बहुतेक दिवस कोरडा असतो, आणि त्याचे सर्व घडणकार्य काही थोड्या पुरांत उरकते. अशा पुरात रोवलेला ओंडका खालच्या पुलाशी जाऊन अडकण्याचा संभव अधिक. येथील साधने येथील प्रवाहाने पारखलेली असली पाहिजेत. काळ्या कातळाचे अनघड दगड, काठावर निर्गुडी व करंज, ओलाव्याच्या जागी वाळुंज, खडकाळ पात्रात शेरणी, उतारावर वाळा ही या भूमीची जुनी मंडळी होत. त्यांत पुराशी झगडणारी थोडी, पुरास वाट देऊन पुन्हा उभी राहणारी फार.

महाराष्ट्रातच याचे एक शिकण्याजोगे उदाहरण आहे, जरी ते नदीचे नसून तलावांचे आहे. भंडारा-गोंदिया भागातील माजी मालगुजारी तलावांत बेशरमाची झुडपे माजली व देशी मासे घटले, तेव्हा मनीष राजनकर व त्यांच्या संस्थेने ढिवर समाजातील जाणत्यांच्या मदतीने कामास आरंभ केला. त्यांनी बेशरम उपटून काढले, उन्हाळ्यात तळ नांगरला व पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान मासे धरणाऱ्यांपाशी होते. कामाचा आराखडा त्या ज्ञानातून आला. तेथे सिमेंट लागले नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपजीविकेचा प्रश्न व अधिवासाचा प्रश्न एकच मानला गेला. उपाशी माणसापुढे सौंदर्याची भाषा, या मागील आक्षेपाचे खरे उत्तर येथे मिळते.

६

उमापूर परिसरास हे सर्व लावून पाहता प्रश्नाचे दोन स्तर वेगळे करावे लागतात. लहान ओढ्यांचा एक स्तर, आणि गोदावरीचा दुसरा.

ओढ्यांच्या बाबतीत नैसर्गिक साधनांचा मार्ग शक्य व इष्ट आहे. मात्र क्रम सांभाळला पाहिजे. प्रथम माळावर व शेतात पाणी मुरविणे. मग ओढ्याच्या दोन्ही काठांना काही हात जागा मोकळी ठेवणे. त्या पट्टीत निदान दोन पावसाळे चराई व नांगरट थांबविणे. आणि मग जेथे पात्र आधीच खणले गेले असेल तेथे पात्राच्या रुंदीच्या हिशेबाने दगडांचे बुटके उंबरे घालून खळाळास आरंभ करून देणे. डोह पुढे पूर स्वतः पाडील. यांतील सर्वांत कठीण भाग दगडांचा नाही, काठाच्या पट्टीचा आहे. ती जमीन बहुधा कोणाच्या तरी वहिवाटीत असते, आणि लहान शेतकऱ्यास चार हात रानही सोडणे जड जाते. त्यास मोबदला न देता काठ हिरवा करा असे सांगणारी योजना कागदावरच राहील, आणि तसे राहणेच न्याय्य होईल.

गोदावरीची गोष्ट निराळी आहे. पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या दोन्ही कालव्यांनी कोरडवाहू मराठवाड्यास जे दिले त्याचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु धरणाने पाणी अडविले तसा गाळ व वाळूही अडविली, हे त्या हिशेबात मांडले गेले नाही. खालच्या पात्रात नवी वाळू येणे कमी झाले, जुनी वाळू उपशाने गेली, आणि पुढे आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी अशा बंधाऱ्यांच्या मालिकेने नदीचे रूप एकामागून एक उभ्या असलेल्या पाणसाठ्यांचे झाले. गौण खनिजांच्या लहान क्षेत्रांतील उपशासही पर्यावरणीय अनुमती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. तथापि वाळू हा नदीचा अवयव आहे ही दृष्टी त्या अनुमतीच्या पद्धतीत क्वचितच उतरली.

अशा नदीच्या काठी दगड रचून किंवा झाडे लावून तिचे पुनरुज्जीवन होईल, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. तिला हवा आहे तो प्रवाह. पावसाळ्यात काही वेळा मोठा व उन्हाळ्यात थोडा परंतु अखंड, असा धरणातून सोडलेला वाटा तिला मिळाला पाहिजे. आज धरणातून पाणी सुटते ते बहुधा माणसांच्या मागणीप्रमाणे किंवा धरण भरल्यावर नाइलाजाने. ऑगस्ट २००६ मध्ये आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत गोदाकाठाने त्या नाइलाजाचा अनुभव घेतला. कोरडेपणा आणि महापूर या दोनच अवस्था ज्या नदीस ठाऊक उरल्या, तिच्यात मधल्या ऋतूंवर जगणाऱ्या जीवांनी कोठे राहावे, हा प्रश्न दगड किंवा गवत सोडवू शकत नाही. तो पाणीवाटपाचा, म्हणजे अखेर न्यायाचा प्रश्न आहे. वरच्या नाशिक-नगरचे हक्क, मराठवाड्याचे हक्क आणि शहरे व कारखान्यांचे हक्क यांच्या वादात स्वतः नदीचा वाटा मागणारा पक्षकार अद्याप उभा राहिलेला नाही.

७

तात्पर्य, ‘पुनरुज्जीवन’ या एका शब्दाखाली आज तीन भिन्न गोष्टी वावरत आहेत. पाण्याचा साठा वाढविणे ही पहिली. नदीच्या जुन्या रूपाचे अनुकरण करणे ही दुसरी. आणि नदीस स्वतःचे रूप घडविण्याची शक्ती परत देणे ही तिसरी. पहिलीस जलसंधारण म्हणावे, दुसरीस काठाची सजावट म्हणावे. दोन्हींना आपापले स्थान आहे. परंतु तिसरीचे नाव पहिल्या दोहोंस देऊ नये. शब्दाचा हा गैरवापर निरुपद्रवी नाही, कारण एकदा नदी ‘पुनरुज्जीवित’ झाल्याची नोंद झाली की तिच्या वतीने मागण्यासारखे काही उरत नाही.

या क्षेत्रात भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांना करण्यासारखे काम पुष्कळ आहे आणि ते दुसरे कोणी करण्याचा संभव कमी. उमापूर महसूल मंडळातील प्रत्येक गावी ओढ्याच्या प्रत्येक वळणास, डोहास व उतारास काही नाव असेल. ती नावे वृद्ध शेतकरी, गुराखी, भोई आणि पाणी भरणाऱ्या स्त्रिया यांच्या तोंडी आहेत. सरकारी नकाशावर ती सापडणार नाहीत. मारुती चितमपल्ली यांनी वनवासी व मासेमारी करणाऱ्या लोकांकडून शब्द वेचून मराठीच्या निसर्गकोशात जी भर घातली, तिचा वारसा विद्यापीठांतील विभागांनी पद्धतशीरपणे पुढे नेला पाहिजे. प्रत्येक नावासोबत जागा, तेथे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे, कोणते मासे व कोणती झाडे होती, आणि ते केव्हा नाहीसे झाले, एवढी पाच कलमे लिहून घेतली, तरी पात्राच्या पूर्वस्थितीचा असा आधार तयार होईल की जो अभियंत्यासही उपयोगी पडेल. गाथेतील कुंजाविषयी आज तर्क करावा लागतो, कारण तो पाहणाऱ्यांनी तो लिहून ठेवण्याजोगा मानला नाही. आज अस्तित्वात असलेल्या डोहांविषयी पुढील अभ्यासकांवर तीच पाळी येऊ नये, एवढे तरी या पिढीच्या हाती आहे. यंत्र ओढ्यात उतरण्यापूर्वी ही नोंद झाली पाहिजे. त्यानंतर ती करणे म्हणजे केवळ शोकलेख लिहिणे होय.